पुण्यातल्या पंचतारांकित हॉटेलात मेंबर म्हणून राहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या आणि ऑफिसातल्या लोकांची पुण्यातली हॉटेल बुकिंगं बरीच वर्षं माझ्याकडे आहेत. लग्न असो, मीटिंग असो, दवाखाना असो, फोन येतो आणि प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. ती उत्तरं इथे एकत्र केली आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते: या मेंबरशिपचा, म्हणजे हॉटेल साखळ्यांच्या लॉयल्टी प्रोग्रामचा (जितकं राहाल तितके पॉइंट्स आणि सवलती), खरा फायदा पॉइंट्सपेक्षा वेळेत आहे. खोली दोन-चार तास लवकर मिळणं, दोन-चार तास उशिरा सोडता येणं आणि सकाळी नाश्त्यासाठी बाहेर पडावं न लागणं, यातच त्याचं मोल आहे. पुढची उत्तरं वाचताना हे लक्षात असू द्या.

लॉयल्टी प्रोग्रामचं मेंबर व्हायला पैसे पडतात का?

नाही. हॉटेल कंपनीच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर नाव, ईमेल, मोबाइल दिला की पाच मिनिटांत मेंबर नंबर मिळतो. पैसे मागणारी मेंबरशिप वेगळी असते, तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पुण्यातलं कुठलं हॉटेल कुठल्या प्रोग्रामखाली येतं?

मोठी नावं सांगते. मॅरियट बॉनव्हॉयमध्ये सेनापती बापट रस्त्यावरचं जेडब्ल्यू मॅरियट, येरवड्याचं रिट्झ-कार्लटन, वेस्टिन आणि स्टेशनजवळचं बंडगार्डनचं शेरेटन ग्रँड. हिल्टन ऑनर्समध्ये मंगलदास रस्त्यावरचं कॉनरॅड आणि चिंचवडचं डबलट्री. वर्ल्ड ऑफ हयातमध्ये नगर रस्त्यावरचं हयात रीजन्सी आणि कल्याणीनगरचं हयात. अकोरच्या प्रोग्राममध्ये नगर रस्त्यावरचं नोव्होटेल. कोरेगाव पार्कातलं ब्लू डायमंड मूळचं किर्लोस्करांनी उभं केलेलं, ते आज ताजच्या कंपनीकडे आहे. तिथे टाटांचा न्यूपास हा प्रोग्राम चालतो आणि त्याचा एक न्यूकॉइन (म्हणजे पॉइंट) म्हणजे सरळ एक रुपया, त्यामुळे हिशेबाला सगळ्यात सोपा तोच.

मग मी कुठला निवडू?

आधी नकाशा बघा, मग प्रोग्राम. ही हॉटेलं शहरभर सारखी पसरलेली नाहीत. बंडगार्डन, कोरेगाव पार्क, येरवडा, कल्याणीनगर, विमाननगर, खराडी हा पूर्वेचा पट्टा सोडला तर पश्चिमेला सेनापती बापट रस्ता आणि पुढे थेट चिंचवड, हिंजवडी. पेठांमध्ये या साखळ्यांपैकी एकही मोठं हॉटेल नाही.

नातेवाईक कोथरूड, कर्वेनगर, सदाशिव पेठेत असतील तर सेनापती बापट रस्ता बरा. काम खराडीत किंवा विमाननगरला असेल तर नगर रस्ता. हिंजवडीत मीटिंग आणि मुक्काम कोरेगाव पार्कात, असं कोणी ठरवलं की मी आधी त्यांना ऑफिसच्या वेळेतला प्रवास मोजायला सांगते. तासाच्या वर सहज जातो. आणखी एक बारकावा: वेस्टिनच्या नावात कोरेगाव पार्क असलं तरी ते मुंढव्याच्या बाजूला नदीकाठी आहे. संध्याकाळी कोरेगाव पार्कातल्या नॉर्थ मेन रोडवरून चालत जाऊ अशा कल्पनेत राहू नका.

पूर्वेच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना आता मेट्रोचा आधार आहे. वनाज ते रामवाडी मार्गावर बंडगार्डन, येरवडा, कल्याणीनगर, रामवाडी ही स्थानकं येतात, आणि पेठांत जायचं तर जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलून कसबा पेठ किंवा मंडईला उतरता येतं. विमानतळापर्यंत मात्र मेट्रो नाही.

जे हॉटेल तुमच्या कामाच्या जवळ आहे त्याचा प्रोग्राम घ्या आणि त्यालाच धरून राहा. चार ठिकाणी पाच-पाच रात्री राहिलात तर कुठेच दर्जा (सिल्व्हर, गोल्ड अशी मेंबरची वरची पायरी) हाती लागत नाही.

बुकिंगच्या साइटवर तीच खोली स्वस्त दिसते. तरी हॉटेलच्या वेबसाइटवरूनच का घ्यायची?

कारण बाहेरच्या साइटवरून घेतलेल्या खोलीवर सहसा पॉइंट्स मिळत नाहीत, ती रात्र दर्जासाठी मोजली जात नाही आणि लेट चेकआउट (खोली उशिरा सोडणं) वगैरे सवलती द्यायला हॉटेल बांधील नसतं. काउंटरवरच्या व्यक्तीने दिलं तर दिलं. मेंबर होऊनही 'मला काहीच मिळालं नाही' म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचं बुकिंग बाहेरून झालेलं असतं.

किमतीचं म्हणाल तर अ‍ॅपवर लॉगिन करून मेंबरचा दर बघा, आणि दोन्हीकडे करासकट शेवटचा आकडा ताडून पाहा. इथे जीएसटीची एक गोष्ट फार उपयोगाची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ₹७,५०० पर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे आणि त्याच्या वर १८ टक्के. म्हणजे ₹७,४०० ची खोली करासकट ₹७,७७० ला पडते, आणि ₹७,६०० ची ₹८,९६८ ला. भाड्यात फरक ₹२०० चा, बिलात जवळजवळ ₹१,२०० चा. मेंबरच्या छोट्याशा सवलतीने भाडं साडेसात हजारांच्या खाली आलं तर तिची किंमत दिसते त्यापेक्षा कितीतरी जास्त असते. पावसाळ्यात आणि रविवारच्या रात्री हे दर पाहून ठेवा.

सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम हे दर्जे मिळतात कसे?

एका कॅलेंडर वर्षात किती रात्री राहिलात यावर. मॅरियटमध्ये १० रात्रींना सिल्व्हर, २५ ला गोल्ड, ५० ला प्लॅटिनम, ७५ ला टायटॅनियम. हयातमध्ये १०, ३० आणि ६० रात्रींचे तीन टप्पे आहेत: डिस्कव्हरिस्ट, एक्सप्लोरिस्ट, ग्लोबलिस्ट. मॅरियटचा दर्जा या वर्षी मिळाला की पुढचं पूर्ण वर्ष आणि त्यापुढचा फेब्रुवारी संपेपर्यंत टिकतो.

काही रात्री क्रेडिट कार्डामुळेही खात्यात पडतात. एचडीएफसी बँकेचं मॅरियट बॉनव्हॉय कार्ड २०२३ मध्ये आलं, त्याच्यासोबत सिल्व्हर दर्जा मिळतो. कार्डाच्या अटी बँका बदलत असतात, तेव्हा अर्ज करण्याआधी त्या दिवशीच्या अटी वाचा.

वर्षाला चार-पाच रात्री राहणाऱ्यांनी प्लॅटिनमच्या मागे धावू नये. दर्जासाठी गरज नसताना रात्री विकत घेणं मला कधीच पटलेलं नाही. कामानिमित्त महिन्यातून तीन-चार दिवस पुण्यात मुक्काम असणाऱ्यांनी मात्र सगळ्या रात्री एकाच खात्यात जातील हे बघावं. त्यांना गोल्ड आपोआप मिळतं.

एका पॉइंटची किंमत किती?

ठरलेली नाही. मॅरियट आणि हिल्टनमध्ये मोफत रात्रीला लागणारे पॉइंट्स मागणीप्रमाणे बदलतात. म्हणून त्या-त्या दिवशी हिशेब करा. समजा खोली ₹१२,००० ची आहे, करासकट ₹१४,१६०. तीच खोली २०,००० पॉइंट्सना मिळत असेल तर एक पॉइंट झाला साधारण ७१ पैशांचा. पॉइंट्सवर घेतलेल्या खोलीवर सहसा वेगळा कर भरावा लागत नाही, म्हणून तुलना करासकट रकमेशीच करायची.

आता कमाईची बाजू. मॅरियटच्या बहुतेक हॉटेलांत करापूर्वीच्या एका डॉलरला १० पॉइंट्स मिळतात. डॉलर ₹८८ धरला तर ₹१२,००० वर साधारण १,३६० पॉइंट्स, म्हणजे वरच्या भावाने ₹९६५ च्या आसपास. भाड्याच्या आठ टक्के. वाईट नाही, पण दोघांचा नाश्ता आणि दुपारी चारपर्यंतची खोली यांच्यापुढे ही रक्कम लहानच आहे.

सलग पाच रात्री पॉइंट्सवर घेतल्या तर मॅरियटमध्ये चारचेच पॉइंट्स लागतात. हिल्टनमध्येही पाचवी रात्र मोफत असते, पण ती सिल्व्हर आणि वरच्यांना.

लेट चेकआउट हक्काने मिळतं की विनंतीवर?

दर्जावर अवलंबून आहे. मॅरियटमध्ये गोल्डला दुपारी २ पर्यंत, तेही खोली मोकळी असेल तर. प्लॅटिनम आणि वरच्यांना दुपारी ४ पर्यंत. रिसॉर्ट आणि कन्व्हेन्शन हॉटेलं सोडली तर हे कबूल केलेलं असतं. हयातमध्ये ग्लोबलिस्टला ४, खालच्या दोन दर्जांना २. हिल्टनमध्ये मागता येतं, हमी नसते.

मागायचं कधी, हे महत्त्वाचं. निघायच्या दिवशी सकाळी अकराला फोन करू नका, तोवर हाउसकीपिंगची यादी ठरलेली असते. चेक-इन करतानाच कारण सांगून विचारा: "उद्या नागपूरची गाडी संध्याकाळी आहे, सोबत आई आहे. चारपर्यंत खोली ठेवता येईल का? सिस्टिमला नोंद करून ठेवाल का?" एवढं पुरतं. हक्क असला तरी असंच विचारावं. समोरच्या मुलामुलींच्या हातात बरंच काही असतं, आणि कारण कळलं की ती मनापासून वाट काढतात.

वेळ वाढवून मिळाली की किल्लीचं कार्डही पुन्हा कोड करून घ्या. कार्डाची मुदत बहुधा दुपारी बारापर्यंतच भरलेली असते. ते राहिलं तर जेवून वर आल्यावर दाराला लाल दिवा लागतो, औषधं आत, म्हातारं माणूस कॉरिडॉरमध्ये उभं, आणि तुम्ही पुन्हा खाली रिसेप्शनला.

आईवडिलांना तपासणीसाठी आणायचं आहे. मेंबरशिपचा काही उपयोग होतो का?

सगळ्यात जास्त उपयोग इथेच होतो. रूबी हॉल आणि जहांगीर ही दोन्ही मोठी इस्पितळं स्टेशन आणि बंडगार्डनच्या परिसरात आहेत, म्हणजे शेरेटन ग्रँड आणि कॉनरॅड हाकेच्या अंतरावर. सांगली, सोलापूर, लातूरहून रात्रीच्या गाडीने पहाटे पोचलेल्या माणसाला तीन वाजताचं चेक-इन म्हणजे शिक्षा आहे. अ‍ॅपवर बुकिंग झालं की लगेच हॉटेलला ईमेल करा: पोचण्याची वेळ, रुग्णाचं वय, उपाशीपोटी रक्त द्यायचं आहे का, व्हीलचेअर हवी का, बाथरूममध्ये आधाराचा दांडा हवा का. लिफ्टजवळची खोली मागा. बाथटब असलेली खोली नको, उंबरठा नसलेला शॉवर हवा, असं स्पष्ट लिहा. मोठ्या दर्जाची खोली फुकट मिळत असली आणि तिच्यात टब असेल तर ती नाकारा.

लवकर चेक-इनची हमी दर्जा कितीही मोठा असला तरी क्वचितच असते. फार पहाटे पोचणार असाल आणि प्रकृती नाजूक असेल तर आदल्या रात्रीपासून खोली घ्या आणि उशिरा येणार असल्याचं कळवून ठेवा, नाहीतर न आल्याची नोंद होऊन बुकिंग रद्द होऊ शकतं. त्या रात्रीचे पैसे वाया गेले असं मी मानत नाही.

नाश्ता आणि लाउंज (खास पाहुण्यांसाठीची वेगळी बसायची जागा) कोणाला मिळतं?

हिल्टनमध्ये भारतात गोल्डपासून नाश्ता मिळतो. हयातमध्ये ग्लोबलिस्टला, आणि त्यात दोन मोठे व दोन मुलं धरतात. कुटुंबासाठी हा सगळ्यात उदार नियम. मॅरियटमध्ये प्लॅटिनमपासून, स्वतःला आणि सोबतच्या एकाला, पण ब्रँडनुसार फरक पडतो. रिट्झ-कार्लटनचं क्लब लाउंज दर्जावर मिळत नाही. ते हवं असेल तर क्लबची खोलीच घ्यावी लागते. येरवड्याला प्लॅटिनम दर्जा घेऊन गेलेल्यांचा इथेच हिरमोड होतो, म्हणून आधीच सांगितलं.

दर्जा नसेल तर नाश्त्यासकट दर घ्यायचा की नाही, हे तुमच्या सकाळवर ठरवा. माणशी हजाराच्या पुढे पैसे जातात. सकाळी वैशालीत किंवा बेडेकरांच्या मिसळीला जायचंच असेल तर नुसती खोली घ्या. लग्नाला जाणारे, सोबत लहान मुलं, आठ वाजता तयार व्हायचंय, तर नाश्त्याचाच दर घ्या.

लाउंजमध्ये संध्याकाळी मद्य असतं. महाराष्ट्रात बिअर-वाइनला वयाची अट २१ आणि इतर मद्याला २५ आहे. ड्राय डेला तिथेही मिळत नाही.

अपग्रेड (त्याच भाड्यात वरची खोली) मागितलं तर मिळतं का?

खोल्या मोकळ्या असतील तर. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की पुण्यातल्या मोठ्या हॉटेलांचे सुइट लग्नघरांनी घेतलेले असतात. त्या दिवसांत शनिवारी आशा ठेवू नका, रविवारी रात्री विचारून बघा.

लग्न हॉटेलात आहे. एवढ्या मोठ्या बिलावर पॉइंट्स मिळतात का?

मिळतात, आणि लोक ते सर्रास सोडून देतात. मॅरियट, हिल्टन, हयात या तिघांकडेही समारंभाच्या बिलावर पॉइंट्स देण्याची सोय आहे, पण कमाल मर्यादा असते आणि ते करारावर ज्याची सही आहे त्यालाच मिळतात. म्हणून सही करण्यापूर्वी दोन गोष्टी करा. बँक्वेटच्या मॅनेजरला विचारून घ्या की आपल्या दरात पॉइंट्स धरले आहेत का, कारण घासाघीस करून उतरवलेल्या दरातून ते कधीकधी वगळलेले असतात. आणि धरले असतील तर मेंबर नंबर करारातच छापून घ्या. हॉल बुक झाल्यावर, तोंडी, 'नंतर टाकू' यातून पुढे काही निघत नाही. वर आणि वधूपक्ष खर्च वाटून घेणार असतील तर सही कोण करणार हे बोलणीच्या वेळीच ठरवा.

पाहुण्यांच्या खोल्यांचं वेगळं आहे. सगळ्यांचं बिल यजमान भरत असेल तर पाहुण्यांना स्वतःच्या खात्यावर काही मिळत नाही. स्वतः राहून, स्वतः पैसे भरून दोन-तीन खोल्या घेतल्या, तर मॅरियटमध्ये तीन खोल्यांपर्यंतचे पॉइंट्स तुमच्या खात्यात येतात, पण दर्जासाठी रात्र मोजतात फक्त तुमच्या खोलीची.

आणि मेंदीच्या रात्री लेट चेकआउटचं आश्वासन सगळ्या वऱ्हाडाला देऊ नका. ज्यांच्या नावावर दर्जा आहे, त्यांच्या खोलीत आजी-आजोबांना ठेवा.

कंपनीने बुकिंग केलं, तर पॉइंट्स माझे की कंपनीचे?

खोलीत राहिलेल्या मेंबरचे, दर पॉइंट्ससाठी पात्र असेल तर. कंपनीचा हॉटेलशी थेट ठरलेला दर सहसा पात्र असतो, ट्रॅव्हल साइटवरून आधीच पैसे भरून घेतलेला पात्र नसतो. चेक-इनला मेंबर नंबर दाखवून बिलावर आलाय ना ते बघा.

जीएसटी बिलाचंही एक लक्षात ठेवा. हॉटेलच्या बाबतीत पुरवठ्याचं ठिकाण हॉटेल जिथे आहे तेच धरतात, म्हणून पुण्यातल्या बिलावर केंद्राचा सीजीएसटी आणि महाराष्ट्राचा एसजीएसटी लागतो. बंगळुरूची कंपनी महाराष्ट्रात नोंदणीकृत नसेल तर तिला त्या कराचं क्रेडिट (भरलेला कर स्वतःच्या करातून वळता करून घेणं) मिळत नाही. अकाउंट्सवाल्यांशी हुज्जत घालण्यापूर्वी हे माहीत असलेलं बरं.

'हॉटेलची मेंबरशिप घ्या, जेवणावर सूट' असे फोन येतात. ते हेच का?

नाही. ती पैसे भरून घ्यायची डायनिंग मेंबरशिप. क्लब मॅरियट हे त्यातलं एक नाव, आणि त्याचा बॉनव्हॉयच्या दर्जाशी संबंध नाही. अशी मेंबरशिप वाईट नसते. महिन्यातून एकदा सहकुटुंब त्याच हॉटेलात जेवायला जाणाऱ्या पुणेकराला ती परवडते. पण मोफत खोलीचं व्हाउचर कोणत्या तारखांना चालत नाही, सूट किती माणसांच्या टेबलावर किती टक्के, मद्यावर आहे का, हे लेखी घ्या. फोनवर कार्ड नंबर किंवा ओटीपी कोणालाही देऊ नका, आवाज कितीही गोड असो. घ्यायचीच असेल तर हॉटेलात जाऊन काउंटरवर पैसे भरा.

गणपतीत किंवा पालखीच्या वेळी येणार आहोत. काय सांभाळायचं?

विसर्जनाची मिरवणूक एक दिवस उलटून गेला तरी चालू असते. लक्ष्मी, टिळक, केळकर, कुमठेकर रस्ते वाहनांना बंद. कोरेगाव पार्क, नगर रस्त्याला त्याची झळ कमी, पण हॉटेलच्या गाडीने मंडईजवळ सोडा असं सांगून उपयोग नाही, मेट्रोनेच जा. पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असतात, माउलींची भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत. त्या दिवशी आळंदी आणि मुंबई-पुणे रस्त्याकडून शहरात येणाऱ्यांनी आगमनाची वेळ बघूनच निघावं. दोन्ही वेळांना रद्द करता येणारा दर घ्या.

चेक-इनला काय लागतं?

प्रत्येक मोठ्या माणसाचं पत्त्यासह ओळखपत्र. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते चालत नाही. आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून उतरवता येते, तीच द्या. किरकोळ खर्चासाठी कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात. डेबिट कार्डावर ती मोकळी व्हायला बरेच दिवस लागू शकतात, क्रेडिट कार्ड दिलेलं चांगलं.

पॉइंट्स वाया जातात का? घरच्यांचे एकत्र करता येतात का?

मॅरियट, हिल्टन आणि हयातमध्ये २४ महिने खात्यात काहीच हालचाल नसेल तर जातात. एखादी रात्र राहिलात तरी मुदत पुढे सरकते. हिल्टनमध्ये आणखी दहा जणांचे पॉइंट्स मोफत एकत्र करता येतात, मॅरियट आणि हयातमध्येही एकमेकांना देता येतात, त्यांच्या मर्यादा वेगळ्या.

मुक्कामाचे पॉइंट्स दहा दिवसांत आले नाहीत तर बिलाची प्रत जोडून कंपनीला कळवा. म्हणूनच बिल ईमेलवर मागून ठेवायचं.

खातं उघडताना नाव कसं लिहावं?

ओळखपत्रावर आहे तसंच. आपल्याकडे आधारवर स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव असतं, पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी पहिल्या नावाच्या रकान्यात असतं, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांची दोन ओळखपत्रं दोन नावांची असतात. प्रवासात जे ओळखपत्र नेहमी दाखवता त्यावरचं पहिलं नाव आणि आडनाव खात्यात टाका, आणि बुकिंगही त्याच नावाने करा. नाव पुढे बदललं तर कागद पाठवून दुरुस्त करून मिळतं, नवीन खातं उघडू नका. जुन्या खात्यातल्या रात्री तिथेच अडकतात.